रात्री नऊचा फोन



मी हे लिहायला बसले आहे तेव्हा घड्याळात आठ वाजलेत. तासाभरात मला उठायचं आहे. भांडी सिंकमध्ये तशीच राहू द्यायची, तांब्याभर पाणी घ्यायचं, चष्मा पुसायचा, फोन चार्जिंगवरून काढायचा आणि आतल्या खोलीचं दार ओढून घ्यायचं. बरोबर नऊला हैदराबादहून बडोद्याला माझा फोन लागतो. तिकडे माझा भाचा तो उचलतो, स्पीकर चालू करतो, बाबांच्या उशीशेजारी ठेवतो आणि ओरडतो, "आजोबा, आत्याचा फोन!"

"हं, वाच," बाबा म्हणतात.

कशी आहेस, जेवलीस का, तिकडे पाऊस आहे का, हे सगळं नंतर. आधी वाचन. रोज वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. गेल्या वर्षीच्या श्रावणात हे सुरू झालं, आणि दोन-चार खाडे सोडले तर अजून चालू आहे. आज त्याविषयीच सांगायचं आहे. गोष्ट पुस्तकांची आहे, थोडी डोळ्यांची आहे आणि बरीचशी आमच्या घरातली आहे.

सुरुवात फूटपट्टीपासून करते.

चारेक वर्षांपूर्वी, आई गेली त्याच्या आसपास, माझ्या लक्षात आलं की बाबा पुस्तकावर लाकडी फूटपट्टी ठेवून वाचतात. ओळ वाचून झाली की पट्टी एक ओळ खाली सरकवायची. मी हसून म्हटलं, "बाबा, शाळेत बसलाय का?" ते म्हणाले, "पुढची ओळ हरवते गं." मी म्हटलं, "वय झालं आता, चालायचंच." आणि विषय तिथंच संपला. म्हणजे मी संपवला. त्यानंतर त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागायला लागला. डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप दोनदा सांडला. जिना उतरताना ते पायानं पायरी चाचपडायला लागले. प्रत्येक वेळी घरात कोणी ना कोणी म्हणालं, "जरा बघून चाला ना."

ते बघूनच चालत होते. त्यांना दिसत नव्हतं.

दादानं शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे आणि बराच पुढे गेलेला आहे. आम्हाला धक्का बसला, कारण काही वर्षांपूर्वी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि "डोळ्यांचं काम झालं" अशी आमची सगळ्यांची समजूत होती. ही गल्लत खूप घरांत होते, म्हणून सांगते. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग धूसर होतं. ऑपरेशन करून ते बदलता येतं आणि पुन्हा स्वच्छ दिसतं. काचबिंदू वेगळा. त्यात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होते. बहुतेक वेळा डोळ्याच्या आतला दाब वाढल्यानं, पण दाब वाढलेला नसतानाही होऊ शकते. तो बहुधा दुखत नाही, डोळा लाल होत नाही. आधी कडेचं दिसणं कमी होतं आणि मधलं बराच काळ शाबूत राहतं, त्यामुळे माणसाला स्वतःलाही कळत नाही. आणि जी नजर गेली ती परत येत नाही. रोज थेंब घालून, गरज पडली तर लेझर किंवा ऑपरेशन करून, उरलेली नजर टिकवायची, एवढंच हातात असतं.

पुढची ओळ का हरवत होती ते मला त्या दिवशी समजलं. आणि आपण हसलो होतो, हेही आठवलं.

आता थोडं बाबांबद्दल. तुमच्यापैकी जे बडोद्याचे आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. बडोदं गुजरातेत असलं तरी गायकवाडांच्या राज्यामुळे तिथं पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. आम्ही त्यातलेच. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, शाळेत हिंदी-इंग्रजी. भाजीला "शाक" म्हटलं की आजी रागवायची आणि पाच मिनिटांनी स्वतःच भाजीवाल्याशी अस्खलित गुजरातीत घासाघीस करायची.

बाबांचं दैवत म्हणजे मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की नुसतं वाचायला शिकवून भागत नाही, वाचायला पुस्तकंही हवीत. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून घेतलं. गावोगावी वाचनालयं निघाली. जिथं वाचनालय नाही तिथं लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून पाठवायची सोय झाली. बाबा हे इतक्या वेळा सांगायचे, की लहानपणी मला वाटायचं ते महाराजांना ओळखतात.

त्या लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यावर झिरपावा म्हणून. मी सात-आठ वर्षांची असताना त्या काचेवर पाय ठेवायला घाबरायचे. बाबा हात धरून म्हणायचे, "अगं, एवढी पुस्तकं पेलते ती, तुला नाही पेलणार?"

दर शनिवारी दुपारी बाबा खांद्याला कापडी पिशवी अडकवून निघायचे आणि संध्याकाळी पुस्तकं घेऊन यायचे. इतिहास, चरित्रं, प्रवासवर्णनं. जेवणं झाली की दिवाणखान्यातला दिवा उशिरापर्यंत जळत असायचा.

आईची पुस्तकं वेगळी होती. फक्त दोन, आणि ती दिवाणखान्यात नव्हती. स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर, हिंगाच्या डबीशेजारी उभी असायची. एक कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा'. १९७० साली आलेल्या या पुस्तकानं वाटी-चमच्याच्या मापानं स्वयंपाक शिकवला, आणि माहेरापासून लांब संसार थाटणाऱ्या कितीतरी मुलींना आधार दिला. दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. ते तिला तिच्या मोठ्या बहिणीनं लग्नात दिलं होतं. दुपारी सगळं आवरलं की आई ओट्याला टेकून, पाय पसरून ते उघडायची. कुठलंही पान. कधी एकटीच हसायची. बाबा म्हणायचे, "किती वेळा तेच ते बायकांचं पुस्तक!" आई काही बोलायची नाही. पान दुमडायची आणि चहा टाकायला उठायची.

आई गेल्यावर वहिनीनं मला विचारलं, "ताई, आईंचं काय हवं?" मी ती दोन पुस्तकं मागितली. हैदराबादला आणली, कपाटात ठेवली. 'स्मृतिचित्रे' मी कॉलेजात असताना वाचलं होतं, पण ते लायब्ररीतलं. आईची प्रत काही उघडवली नाही. तिला हळद-तेलाचा वास होता.

बाबांचं वाचन थांबलं तेव्हा ते चिडचिडे झाले. आधी भिंग झालं, मग मोठ्या अक्षरांचं वर्तमानपत्र झालं. दादानं फोनवर बोलकी पुस्तकं लावून दिली. बाबा दोन दिवस ऐकून म्हणाले, "हा माणूस माझ्यासाठी वाचत नाही." मग एक दिवस मी सहज म्हटलं, "मी वाचू का फोनवर?" ते लगेच हो म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला: "वाच म्हणावं. पण काय वाचणार ते तिनं ठरवायचं नाही."

मला वाटलं इतिहास मागतील. त्यांनी मागितलं आईचं पुस्तक. "ते वाच. एवढं काय होतं त्यात, बघू तरी."

ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं. वडिलांचं सोवळं-ओवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. लहान वयात लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. पुढे रेव्हरंड टिळक म्हणून प्रसिद्ध झालेले कवी ते हेच. बुद्धिमान, मनस्वी, शीघ्रकोपी. मनात आलं की घर सोडून निघायचे, आणि पैसा हातात टिकायचा नाही. लक्ष्मीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, ते शिकवलं टिळकांनीच. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि या बाईच्या पायाखालची जमीन सरकली. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, नातेवाइकांकडे दिवस काढले. मग टिळकांकडे परतल्या, आणि पुढे स्वतः विचार करून, स्वतःला पटल्यावर त्यांनीही तो धर्म घेतला. हे सगळं त्यांनी उतारवयात लिहिलं. १९३४ ते १९३६ या काळात ते भागाभागांनी आलं, आणि शेवटचा भाग यायच्या आधी त्या गेल्या. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईची मराठी इतकी सरळ आणि जिवंत आहे की आज वाचतानाही ती आपल्या ओट्यावर बसून बोलतेय असं वाटतं. आणि नवल म्हणजे इतकं सोसूनही पुस्तकात रडगाणं नाही. त्या हसतात. टिळकांना हसतात, स्वतःला हसतात.

पहिल्या आठवड्यात बाबाही हसले. सोवळ्याच्या गोष्टींना तर इतके, की पलीकडून भाचा विचारायला लागला, "आजोबा, सोवळं म्हणजे?" मग फोनवर अर्धा तास सोवळ्याचा वर्ग भरला. हा मुलगा बारा वर्षांचा. इंग्रजी शाळेत जातो, मित्रांशी गुजराती बोलतो. मराठी त्याच्यासाठी फक्त आजी-आजोबांची भाषा होती.

वाचता वाचता मला दिसलं, की समासात पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा आहेत. आईच्या. मी बाबांना सांगितलं. ते जरा थांबून म्हणाले, "खूण येईल तिथं सांगत जा."

मग तसं चाललं. मी वाचायचे, मध्येच म्हणायचे, "इथं रेघ आहे." बाबा म्हणायचे, "हं." कधी म्हणायचे, "परत वाच तेवढं." रेघा बऱ्याचदा गमतीच्या जागी होत्या. आई ओट्याला टेकून कुठं हसायची, ते आम्हाला इतक्या वर्षांनी कळत होतं.

आणि एका रात्री पान उलटलं तर समासात रेघ नव्हती, शब्द होता. "हो." एवढंच. आईचा तो वळणदार ह, मी डोळे मिटूनही ओळखला असता.

मजकूर टिळकांच्या उदारपणाचा होता. घरात काही नसताना, बायकोला न विचारता देऊन मोकळं होण्याचा.

इथं मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. बाबांना विचारून सांगते आहे. १९८६ साली धाकट्या काकांना दुकान काढायचं होतं. पैसे कमी पडत होते. बाबांनी आईच्या सोन्याच्या पाटल्या कपाटातून काढल्या आणि त्यांना दिल्या. आईला संध्याकाळी कळलं. दुकान वर्षभरात बसलं आणि पाटल्या गेल्या त्या गेल्याच. त्या तिच्या आईनं तिला दिलेल्या होत्या. घरात यावर भांडण झाल्याचं मला आठवत नाही. माझ्या लग्नात दागिने काढताना ती एकदाच म्हणाली होती, "पाटल्या असत्या तर तुला दिल्या असत्या." आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागली.

तो "हो" बघून माझी जीभ अडखळली. बाबांचं वय एक्क्याऐंशी. डोळे गेलेले. जिचं ऐकून घ्यायचं ती माणसं जगात नाही. कशाला? मी ते दीड पान गाळलं आणि पुढून वाचायला लागले.

"थांब," बाबा म्हणाले. "हे मध्येच कुठून आलं? पान गाळलंस."

"दोन पानं चिकटलीत बाबा."

"मग सोडव."

सोडवली. वाचलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. संपल्यावर पलीकडे पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"इथं खूण आहे?"

"आहे."

"रेघ?"

"नाही. 'हो' लिहिलंय."

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "बरं. आज पुरे."

दुसऱ्या दिवशी फोन वहिनीनं घेतला. "आज नको म्हणतात." तिसऱ्या दिवशीही तेच. मला झोप लागेना. आपण म्हाताऱ्या माणसाला उगाच दुखावलं असं वाटायचं. आणि लगेच वाटायचं, आईनं हे लिहून ठेवलं ते कोणीच वाचू नये म्हणून का? पेन्सिलीनं का होईना, पण लिहिलं होतंच ना?

चौथ्या दिवशी रात्री नऊला फोन वाजला. या वेळी तिकडून आला होता.

"तिनं तेव्हा नाही म्हटलं नव्हतं," बाबा म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही.

"तुम्ही विचारलं होतं का बाबा?"

"नाही." मग थोड्या वेळानं, "मला वाटलं तिला चालेल."

"तिला चालत नव्हतं."

आमच्या घरात बाबांशी असं बोलायची रीत नाही. पन्नाशी उलटलेल्या माझ्या हाताला घाम फुटला होता. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "लायब्ररीतून इतकी वर्षं पुस्तकं आणली. तुला काय आणू, असं तिला एकदाही विचारलं नाही. मला आवडेल ते आणायचो. तिनं हे एकच पुस्तक धरून ठेवलं, आणि त्यालाही मी हसलो."

मी म्हटलं, "मीही हसले होते बाबा. तुमच्या फूटपट्टीला."

"कसली फूटपट्टी?"

त्यांना आठवतही नव्हतं. मी आठवण करून दिली आणि जे इतके महिने सांगायचं होतं ते सांगून टाकलं, की तेव्हाच डॉक्टरांकडे नेलं असतं तर आणखी नजर वाचली असती. ते म्हणाले, "असती. पण तू डॉक्टर नाहीस, आणि ओळ हरवते हे मी तरी कुठं कोणाला धड सांगितलं?" मग खाकरून म्हणाले, "चल, पुढं वाच. बाईचं काय झालं पुढं?"

एवढंच झालं. कोणी रडलं नाही, कोणी कोणाला माफ केलं नाही. माफ करणारी नाहीच आता. पण एक बदल झाला, तो वहिनीनं मला हसत सांगितला. शेजारच्यांनी आमचं जुनं लाकडी कपाट मागितलं. पूर्वी बाबांनी तिथल्या तिथं "न्या" म्हटलं असतं. या वेळी त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, हे कपाट त्यांना देऊ का?" वहिनी म्हणाली, "नको बाबा, मला हवंय." कपाट अजून आमच्याकडेच आहे.

मध्ये मला ताप आला आणि घसा बसला. मी बडोद्याला कळवलं की दोन दिवस वाचन बंद. तर भाचा म्हणाला, "आत्या, तू फोटो पाठव ना पानांचे, मी वाचतो." हिंदीमुळे त्याला देवनागरी येते. अर्थ लागत नव्हता, अडखळत होता, "ळ" आला की थबकत होता. बाबांनी दोन पानांना पाऊण तास लावला, पण प्रत्येक शब्द समजावून सांगितला. तापात पडल्या पडल्या मी ते स्पीकरवर ऐकत होते. आता आठवड्यातून एक दिवस त्याचा असतो. त्या दिवशी मी नुसती ऐकते.

तुमच्याही घरी कोणी असं असेल, ज्याचं वाचन सुटलं आहे. डोळ्यांमुळे, हात थरथरतात म्हणून, किंवा नुसतं एकटेपणामुळे. त्यांना वाचून दाखवायचं असेल तर गेल्या वर्षभरात मला कळलेल्या चार गोष्टी सांगते.

वेळ ठरलेली ठेवा, आणि थोडीच ठेवा. वीस मिनिटं पुरतात. रोजची वाट बघणं हेच अर्धं औषध असतं. पुस्तक त्यांना निवडू द्या. सुरू करण्यापूर्वी "काल कुठं होतो आपण?" असं त्यांनाच विचारा. त्यांना आठवतं, आणि आठवलं याचा त्यांना आनंद होतो. नाटकी आवाज काढू नका. आपण जसं बोलतो तसंच वाचायचं. मध्ये त्यांनी थांबवलं तर थांबा. आमच्याकडे खरं बोलणं वाचनाच्या अशा थांब्यांमध्येच झालं. ज्यांना छापलेलं वाचता येत नाही अशांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे, त्याची माहिती जरूर काढा. पण घरातल्या माणसाचा आवाज तो आवाज.

आणि डोळ्यांचं. चाळिशी ओलांडली असेल तर चष्म्याचा नंबर काढताना डोळ्याचा दाब आणि मागची नस तपासायला सांगा. घरात आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर हे नक्कीच करा, कारण अशा घरात तो होण्याची शक्यता जास्त असते. दादा आणि मी दोघांनी तपासून घेतलं. एका यंत्रात डोकं ठेवून समोर बघत राहायचं आणि कडेला बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं, अशी ती तपासणी असते. माझं सध्या ठीक आहे, दरवर्षी या म्हणाले. दादाला थेंब सुरू झालेत. वेळेवर कळलं. घरातलं कोणी म्हणालं, की ओळ हरवते, जिन्यावर पाय चाचपडतो, कडेची वस्तू दिसत नाही, तर "वय झालं" म्हणू नका. मी म्हटलं होतं.

'स्मृतिचित्रे' दिवाळीनंतर संपलं. शेवटचं पान वाचून झाल्यावर मी विचारलं, "आता काय? इतिहास?" बाबा म्हणाले, "तिच्या फळीवर दुसरं पुस्तक होतं ना?"

"ते 'रुचिरा' बाबा. पाककृतींचं."

"मग? तिनं त्यातही खुणा केल्या असतील."

केल्या आहेत. भरपूर. "मीठ कमी", "गूळ दीडपट", "दादाला नको". पाककृती मोठ्यानं वाचून दाखवायच्या, हे ऐकून माझ्या मैत्रिणी हसतात. पण तुम्ही एकदा करून बघा. रात्री नऊ वाजता बेसन, चिंच, गूळ, तीळ असं ऐकत गेलं की जेवलेल्या माणसालाही भूक लागते. काल अळूच्या वडीवर आलो होतो. तिथं आईनं समासात लिहिलंय, "ह्यांना आवडली."

मी ते वाचलं. बाबांनी परत वाचायला लावलं. मग हाक मारली, "सूनबाई, अळू मिळतं का गं सध्या? तुला जमत असेल तर."

नऊला पाच मिनिटं आहेत. उठते. पाणी घ्यायचंय अजून.

भेटू पुढच्या वेळी.